फोटोत चिखलही येऊ द्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय पाखरांविषयी. थंडीत पाणवठ्यावर येणारी पाखरं बघायला जायचं कसं, मोबाईलवर त्यांचे फोटो काढायचे कसे, आणि त्या फोटोंचं पुढं करायचं काय, एवढा आजचा विषय.

काही जणी म्हणतील, पाखरं बघायला गाडी करून जायचं? घरामागं चिमण्या-साळुंक्या नाहीत का? आम्ही निघालो तेव्हा आमच्या गावातही हेच म्हणाले. बाई घराबाहेर पडली तर कारण लागतं. लग्न असावं, दवाखाना असावा, देव असावा, नाहीतर मिटिंग असावी. नुसतं बघायला जाणं हे कारण कुणाला पटत नाही. पण आम्ही गेलो. बचतीच्या पैशाला हात लावला नाही, ज्या येणार त्यांनी गाडीभाड्याची वर्गणी काढली. मार्गशीर्षातले गुरुवार आटोपले होते, संक्रांत यायची होती. त्या मधल्या दिवसांत आम्ही ११ जणी पहाटे निघालो. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, कोरडवाहू. जायचं होतं शेजारच्या निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात.

निफाडचा पारा किती खाली उतरला हे आपण दर थंडीत बातम्यांत ऐकतो. त्या पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर दिसत होता. घड थंडीनं तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आम्ही गाडीत गोधडीत गुरफटून बसलो होतो.

आधी जागेविषयी सांगतो. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांचा संगम आहे. तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा इथूनच निघतो आणि खाली कोपरगाव, राहात्याकडच्या शेतांना पाणी देतो. म्हणजे बंधारा बांधला तो शेतीसाठी, पाखरांसाठी नाही. पण नद्यांनी आपल्याबरोबर गाळ आणला. तो वर्षानुवर्षं बंधाऱ्यामागं साचत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं तयार झाली, त्यावर गवत आणि पाणकणीस वाढलं, चिखलात किडे, गोगलगायी, मुळं, बिया झाल्या. पाखरांना अशीच जागा लागते. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य जाहीर झालं. पुढे २०१९ मध्ये या जागेला रामसर यादीत स्थान मिळालं. रामसर हे इराणमधलं एक गाव. तिथं १९७१ मध्ये पाणथळ जागा राखण्यासाठी देशादेशांचा करार झाला, त्याची ही यादी. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली पहिली जागा नांदूर मध्यमेश्वरची.

गाळामुळे पाखरं आली, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी ती पुन्हा येणार आहे.

आता थंडीतच का जायचं? उत्तरेकडं, लडाख, तिबेट, मंगोलिया, सैबेरिया अशा मुलखात थंडीत पाणी गोठतं. बर्फाखाली खायला काही मिळत नाही. म्हणून तिकडची बदकं, हंस, चिखलातले लहान पक्षी दक्षिणेला येतात. पट्टकादंब नावाचा हंस तर हिमालय ओलांडून येतो. त्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, त्यावरून ओळखायचा. ही पाखरं आपल्याकडं पाहुणी म्हणून आली असं म्हणतात, पण ती आरामाला आलेली नसतात. खायला आलेली असतात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांना परत तेवढाच पल्ला गाठायचा असतो आणि तिकडं गेल्यावर घरटं, अंडी, पिल्लं करायची असतात. त्यासाठी अंगावर चरबी चढवून निघावं लागतं. बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक डोळ्यांसमोर आणा, तिच्या ताटातला घास कुणी काढून घेईल का?

फोटोचा पहिला नियम यातूनच येतो: आपल्यामुळे पाखरू उठलं नाही पाहिजे. एकदा थवा उठवला की त्याचं खाणं थांबतं आणि साठवलेली ताकद उडण्यात जाते. आपण एकदाच उठवतो, पण दिवसभरात आपल्यासारखे किती जण येतात ते मोजा. आणखी एक. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर मान पाठीत खुपसून विसावतात. ती आळशी नसतात, त्यांची रात्रपाळी झालेली असते.

पाखरू उठण्याआधी सांगतं, ते बघायला शिकायचं. चरता चरता त्यानं मान वर केली आणि खाणं थांबवलं, म्हणजे त्यानं आपल्याला बघितलं. ते आपल्याकडं पाठ करून चालायला किंवा पोहायला लागलं, म्हणजे आपण फार जवळ आलो. सगळा थवा एका दिशेला तोंड करून उभा राहिला, म्हणजे आता उडणार. मान वर झाली की तिथंच थांबायचं. ते पुन्हा खायला लागेपर्यंत हलायचं नाही. नाहीच लागलं तर दोन पावलं मागं यायचं.

आम्ही चापडगावच्या बाजूला गेलो होतो. तिथं वनखात्याचे निरीक्षण मनोरे आहेत. आसपासच्या गावांतली मुलं वाटाड्याचं काम करतात, दुर्बीण भाड्यानं मिळते. आम्ही वाटाड्या घेतला, आणि आमचं सांगणं आहे की तुम्हीही घ्या. त्याला कुठं उभं राहायचं ते माहीत असतं. शिवाय पाखरं आहेत म्हणून त्याच्या घरात चार पैसे येतात, तेव्हा तो पाखरांना जपतो. शेजारच्या मनोऱ्यावरच्या एका टोळक्यानं थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या वाटाड्यानंच जाऊन त्यांना थांबवलं.

उडणारा थवा बघायचाच असेल तर वाट बघावी लागते. आम्ही मनोऱ्यावर बसलो होतो तेव्हा दलदलीवर उडणारा एक भोवत्या पाणकणसावरून अगदी खालून आला. ही शिकारी पाखरांची जात. क्षणात सगळ्या चांदव्यांनी एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा केला. चांदवा म्हणजे काळं बदकासारखं पाखरू, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्याला वारकरीही म्हणतात. बदकं उठली, आभाळात एक गिरकी घेतली आणि पुन्हा पाण्यावर उतरली. भोवत्या रिकामा गेला. टाळ्या न वाजवता सगळं दिसलं.

आता तयारी. कपडे मळखाऊ रंगाचे घाला. लाल-पिवळी साडी असेल तर वरून तपकिरी नाहीतर काळपट शाल घ्या. पैंजण काढून ठेवा. बांगड्यांचं काय, हा आमच्यात वादाचा विषय झाला. काचेच्या बांगड्या काढायला आमच्या थोरल्या काकू तयार नव्हत्या. त्यांनी हातरुमाल बांगड्यांवरून घट्ट बांधला, आवाज बंद झाला आणि वादही मिटला. पाणी, भाकरी बरोबर ठेवा, पण पाखरांना काही खायला टाकू नका. काही ठिकाणी कुरव पक्ष्यांना हौसेनं शेव-फरसाण टाकतात. तळलेलं-खारवलेलं त्यांचं अन्न नव्हे.

मोबाईलची तयारी आदल्या रात्री करा. ११ जणींत आमच्याकडं ७ मोबाईल होते, त्यातले ३ मालकांचे नाहीतर मुलाचे, एका दिवसापुरते मागून आणलेले. सगळ्यांत जागा भरलेली. फुलांवर सुप्रभात लिहिलेले शेकडो फोटो काढून टाकले तेव्हा जागा झाली. चार्जिंग पूर्ण करा. घंटी बंद, फ्लॅश बंद, फोटो काढताना होणारा आवाजही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मागची काच मऊ सुती कापडानं पुसा. पिठाचा नाहीतर तेलाचा हात लागलेला असतो, मग फोटो धुरकट येतात आणि आपण मोबाईलला नावं ठेवतो.

फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीमागं असावा. सकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं, पाखरांची पिसं त्यात उजळतात. कोपरं कठड्यावर टेकवा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा. पाखरू पडद्यावर जिथं दिसतं तिथं बोट टेकवा, म्हणजे मोबाईल त्याच्यावर नजर धरतो. बगळा, चमचा असे पांढरे पक्षी उन्हात नुसते पांढरे ठिपके येतात. बोट टेकवल्यावर बऱ्याच मोबाईलमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढलं की उजेड कमी होतो आणि पंख दिसायला लागतात. एकाच पाखराचे चार-पाच फोटो घ्या, एखादा नक्की बरा येतो.

मोबाईलमध्ये चिमटा उघडून पाखरू मोठं करत बसू नका. त्यानं पाखरू जवळ येत नाही, फक्त फोटो फाटतो. त्यापेक्षा एक युक्ती सांगतो. वाटाड्याकडं तीन पायांवर उभी केलेली मोठी दुर्बीण असेल तर तिच्यात आधी डोळ्यानं पाखरू धरा. मग मोबाईलची काच हळूच दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भोकावर टेकवा. आधी काळं दिसतं, थोडं इकडंतिकडं केलं की गोल उजेड येतो आणि त्यात पाखरू. एकीनं दुर्बीण सांभाळायची, दुसरीनं मोबाईल. तसं आम्हाला चक्रवाकाचं जोडपं मिळालं, नारिंगी-बदामी रंगाचं. रात्री ताटातूट होणारं जोडपं म्हणून गोष्टींतून ऐकलेलं हे पाखरू आम्ही पहिल्यांदाच एवढं जवळून बघितलं. थापट्या नावाचं बदकही मिळालं. त्याची चोच पुढं उलथन्यासारखी पसरट असते आणि तीच पाण्यावर फिरवून ते बारीक जीव गाळून खातं.

बाकीचे फोटो मात्र लांबूनच आले. मोठं पाणी, काठचा चिखल, पाणकणीस, आणि त्यात मोहरीएवढी पाखरं. घरी येऊन बघताना दोघी-तिघी हिरमुसल्या. मासिकात येतात तसे एकट्या पाखराचे, डोळ्यातली चमक दिसणारे फोटो नव्हते. पण थोरल्या काकू ते लांबचे फोटो एकामागून एक बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, खोल पाण्यात बदकंच आहेत. लांब पायांची सगळी घोट्याएवढ्या पाण्यात. चिखलावर बारकी पाखरं. ज्याची त्याची वाटणी ठरलेली आहे."

खरंच होतं. शेकाट्या घोट्याएवढ्या पाण्यात. चमचे आणि चित्रबलाक गुडघ्याएवढ्या पाण्यात. तुतवार ओल्या चिखलावर. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या बुडाशी. खोल, मोकळ्या पाण्यात चांदवे. जवळून काढलेल्या देखण्या फोटोत फक्त पाखरू दिसतं. ते कशावर उभं आहे, काय खातंय, बरोबर कोण आहे, हे लांबच्या फोटोत दिसतं. म्हणून आमचं म्हणणं असं की साधा मोबाईल आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. फोटोत पाखराबरोबर चिखलही येऊ द्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही त्यातले १२ फोटो स्टुडिओतून काढून आणले आणि पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावले. बाया तिळगूळ खाता खाता नावं सांगायला लागल्या. कुणी टिटवी ओळखली, कुणी खंड्या, कुणी परीट, शेपटी वरखाली करणारा. ज्या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त नावं येत होती. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' केला, त्यात पाखरांची मराठी नावं गोळा केली आहेत. ते वनखात्यात होते, रानात राहणाऱ्यांकडून शिकलेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. पुढच्या पक्षी सप्ताहात आपापल्या गटातल्या आजींकडून पाखरांची नावं लिहून घ्या. काही नावं फक्त त्यांच्याच तोंडात उरली आहेत.

फोटोला नोंद जोडायला विसरू नका. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त आपण कसं लिहितो? तारीख, वेळ, जागा, हजर किती, काय ठरलं. तसंच इथं लिहायचं. तारीख, वेळ, जागा, पाखरू कोणतं, किती, काय करत होतं. मोठा थवा असेल तर आधी १० पाखरं मोजा, ती केवढी जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तशा किती जागा होतात ते बघा. तारीख नसलेला फोटो म्हणजे नोंद नसलेलं पासबुक. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पाखरं मोजली जातात. त्यात एका जागी निदान १५ मिनिटं थांबून दिसतील ती पाखरं मोजायची असतात. आपल्या परसात बसूनही मोजता येतात.

आता गाळाची गोष्ट. आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे. येत्या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचं चाललंय. गाळ काढला की पाणी जास्त साठतं आणि तो शेतात टाकला की पीक चांगलं येतं. आमच्याच गटातल्या सहा जणींच्या घरच्यांनी गाळासाठी नावं दिली आहेत. नांदूरहून आल्यावर आम्ही तीन आठवडे, दर आठवड्याला एकदा, सकाळी आमच्या तलावावर गेलो. फोटो काढले, नोंदी केल्या. शेकाट्या, राखी बगळा, तुतवार, टिटव्या आणि एकदा १४ थापट्या. सगळे फोटो लांबचे. ते शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की जवळजवळ सगळी पाखरं एकाच बाजूला आहेत, ओढा तलावात येतो त्या उथळ टोकाला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली. तिथं आम्ही फोटो दाखवले. एकीनं सरळ विचारलं, "पाखरांसाठी आमचं रान उपाशी ठेवायचं का?" प्रश्न रास्त होता. तिचं तीन एकर मुरमाड रान आहे. त्यावर एका जाणत्या बाईंनी सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. ओढ्याचं पाणी तलावात शिरलं की त्याचा वेग मोडतो. वाळू आणि मुरूम जड, तो तोंडाशीच खाली बसतो. बारीक, सुपीक गाळ पुढं भिंतीकडं जातो. म्हणजे रानाला हवा तो गाळ भिंतीकडं आहे आणि पाखरांना हवी ती जागा ओढ्याकडं. अडचण एवढीच की उथळ बाजूनं ट्रॅक्टरला वाट सोपी आहे. मशीनवाला तिकडूनच सुरुवात करणार.

उन्हाळ्यात थंडीची पाखरं गेलेली असतात, मग काय बिघडतं, असंही एकानं ग्रामसभेत विचारलं. पण टिटवी आणि शेकाट्या जात नाहीत. त्या उन्हाळ्यातच पाण्याकाठच्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मातीच्या रंगाची अंडी, पायाखाली आली तरी कळत नाहीत.

ग्रामसभेत ओढ्याकडची बाजू सोडून गाळ काढावा अशी सूचना नोंदवून घेतली आहे. नोंदवून घेतलं म्हणजे झालं असं आपल्याला म्हणता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मशीन येईल तेव्हा कळेल. आम्ही ठरवलंय की त्याआधी उथळ बाजूला खुंट्या ठोकून सुतळी बांधायची आणि काम चालेल तेवढे दिवस पाळीपाळीनं दोघी जणींनी तिथं थांबायचं. ज्या बाईनं रानाचा प्रश्न विचारला तिनं पहिली पाळी मागून घेतली आहे. भिंतीकडचा गाळ आपल्या रानात पहिला पडावा, ही तिची अट आहे आणि ती आम्हाला मान्य आहे.

तर मैत्रिणींनो, अजून महिनाभर ही पाखरं आपल्याकडं आहेत. अभयारण्यात जायचं असेल तर गर्दीचा रविवार टाळा आणि सूर्य उगवायच्या सुमारास पोचा. प्रवेश, मोबाईल आणि कॅमेरा यांचे नियम दारावर विचारून घ्या. जमत नसेल तर आपल्या गावच्या तळ्यावर, बंधाऱ्यावर, नदीच्या डोहावर जा. तीन आठवडे, एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेचा फोटो काढा, तारीख लिहा. मग ते फोटो महिला सभेत घेऊन या. आपल्या गावचं पाणी कुठं उथळ आहे आणि तिथं कोण जेवतं, हे त्यात दिसेल.